दोन दिवस कमी

सुरतेत नवागामला माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज आणि फॉल-पिको मी करत नाही, ते करणाऱ्या आमच्या गल्लीत चौदा जणी आहेत. मी वर्दी शिवते. हजीऱ्याला कंपन्यांच्या गेटवर उभे राहणारे, कापड मार्केटच्या दारात बसणारे, एटीएमबाहेर स्टुलावर डुलक्या काढणारे, या सगळ्यांच्या खांद्यांची आणि वाढत्या पोटांची मापं माझ्या वहीत आहेत. त्यातले निम्मेअधिक फौजेतून आलेले. त्यामुळे त्यांची पदकं पट्टीवर ओळीने शिवून देण्याचं कामही माझ्याकडेच येतं. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी आठ दिवस मला जेवायला फुरसत नसते.

पोपट दगा बेडसे यांची पट्टी मी अकरा वर्षं शिवतेय. सहा पदकं. निवृत्त नायब सुभेदार, पण बंदुकीपेक्षा टाइपरायटर जास्त चालवलेला माणूस. फौजेत अशाला बाबू म्हणतात. पगाराचे तक्ते, रजेचे आदेश, कोणाचं लग्न झालं, कोणाला मूल झालं, कोण कोणत्या तारखेला कुठल्या चौकीवर पोचला, हे सगळं कागदावर चढवणारा. त्याने चढवलं नाही तर ते घडलंच नाही असं समजायचं. सुभेदार स्वतःच हसत सांगायचे की जवान मेल्याचं डॉक्टर सांगतो, पण तो मेला की नाही ते बाबू ठरवतो.

माणूस बारीक अंगाचा, शर्टाची वरची गुंडी सदा लावलेली, खिशात दोन पेनं. एक निळं, एक लाल. खानदेशातल्या साक्रीकडचे. फौजेतून सुटल्यावर काही वर्षं हजीऱ्याला सुरक्षा सुपरवायझर होते, गुडघे गेले तशी ती नोकरी सोडली. मग रोज सकाळी दहाला माझ्या दुकानाच्या ओट्यावर प्लास्टिकचं टेबल मांडून बसायला लागले. दिंडोलीपासून उधन्यापर्यंतचे माजी सैनिक, त्यांच्या विधवा, म्हाताऱ्या आया, सगळे त्यांच्याकडे यायचे. कोणाची पेन्शन अडकलेली, कोणाचा हयातीचा दाखला संगणकाने नाकारलेला, कोणाच्या मुलीचं नाव कागदात नाही. सुभेदार अर्ज लिहायचे. एक पैसा घ्यायचे नाहीत. चहासुद्धा स्वतःच्या घरून, सोनावहिनींनी भरून दिलेल्या थर्मासमधला.

मीही त्यांच्या त्या टेबलासमोर बसलेली बाई आहे. माझा नवरा मगन जवान होता. सुटीवर आला, लग्न केलं, परत गेला, आणि लग्न झाल्याचं पलटणीत कोणाला सांगायचंच विसरला. असा तो. बावीस वर्षं माझ्याबरोबर संसार करून तो गेला तेव्हा कागदावर तो अविवाहित होता. सुभेदारांनी अकरा पत्रं लिहिली, चौदा महिने पाठपुरावा केला, आणि मला मगनची बायको करून दिली. मी पाया पडायला वाकले तर ते असे मागे सरकले की खुर्ची कलंडली. म्हणाले, ताई, आभार सोडून काहीही बोला. मला वाटलं विनय. एकदा मी थट्टेत विचारलंसुद्धा की सुभेदार, मागच्या जन्मी कोणाचं काय खाल्लंय, ते असं फेडत बसलात. ते हसले नाहीत. लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. माझी जीभ अशी आहे, कुठे जाऊन लागते ते मला नंतर कळतं.

भगवानभाऊंच्या बाबतीत तर फार नंतर कळलं.

भगवान पवार हे सुभेदारांच्याच पलटणीतले, वयाने पाच वर्षांनी मोठे. सतरा वर्षं नोकरी करून बाहेर पडले. कोसाडच्या आवासमध्ये, सरकारी घरांच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहतात. उजवा पाय ओढत चालतात. त्यांच्याकडे पदकं दोनच, एक नऊ वर्षांच्या नोकरीचं आणि एक स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं, जे तेव्हा फौजेत असलेल्या सगळ्यांनाच मिळालं. पण गडी बोलायला लागला की बर्फाचं बोलायचा. वर चौकीवर डोळ्यांच्या पापण्या कशा चिकटतात, रॉकेल कसं घट्ट होतं, भाताला शिजायला किती वेळ लागतो. नवी पोरं तोंडावर ऐकून घ्यायची आणि पाठीमागे हसायची. कारण त्या उंचीवर एकशे ऐंशी दिवस काढले की एक वेगळं पदक मिळतं, आमच्याकडे सगळे त्याला बर्फाचं पदकच म्हणतात, आणि ते भगवानभाऊंच्या छातीवर नव्हतं. सुभेदारांच्या छातीवर होतं, डावीकडून तिसरं.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका पंधरा ऑगस्टच्या आधी दुकानात गर्दी होती. भगवानभाऊ बर्फाचं सांगत होते. मी त्या पदकाच्या फितीचं रीळ बाहेर काढलं आणि म्हटलं, भाऊ, एवढी हौस आहे तर तीस रुपयांत लावून देते, नाहीतर लोक म्हणतील वर बटाटे सोलत होता. सगळे हसले. मीही हसले. पुष्कळ जण विकत घेऊन लावतात, कोणी विचारत नाही. पण भगवानभाऊंचा चेहरा उतरला. ते म्हणाले की माझे दोन दिवस कमी भरले, दोन दिवस कमी म्हणजे कमी, जे मिळालं नाही ते मी लावत नाही. आणि पाय ओढत निघून गेले. सुभेदार ओट्यावर होते. त्यांच्या हातातला अर्ज त्यांनी फाडला आणि पहिल्यापासून लिहायला घेतला. मला वाटलं चूक झाली असेल.

यंदाच्या जानेवारीत माजी सैनिक मंडळाने ठरवलं की सव्वीस तारखेला पोपट बेडसे यांचा सत्कार करायचा. दहा वर्षांत तीनशेवर घरांची कामं फुकट केली, कोण करतं हो. शाल सगळ्यात जुन्या सभासदाच्या हातून द्यायची असं ठरलं, म्हणजे भगवानभाऊंच्या. भगवानभाऊ हे कळल्याबरोबर कोसाडहून दोन बस बदलून सुभेदारांच्या घरी गेले. सोनावहिनी मला सांगत होत्या की गडी इतका आनंदात होता. म्हणाला, आपल्या पलटणीतले सुरतेत आपण दोघंच, तू पुरा भरलास, मी कमी पडलो, पण तुझ्या अंगावर शाल घालायला मी पुरतो. सुभेदारांनी त्या दिवसापासून जेवण टाकलं.

बावीस जानेवारीला दुपारी ते माझ्याकडे पट्टी घेऊन आले. म्हणाले तिसरं काढा. मी भिंगाखाली फीत बघितली, चांगली होती, तसं सांगितलं. ते म्हणाले फितीचं काही नाही.

"हाई मनं नही, ताई."

त्यांचं नाही म्हणजे काय, म्हणून मी पदक उलटं केलं. कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. नाव त्यांचंच होतं. तसं मी म्हटलं तर ते खाली बसले, माझ्या कात्रणांच्या ढिगाऱ्याशेजारी जमिनीवर, आणि त्यांनी सगळं सांगितलं. मी मशीन बंद केलं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पलटण वर बर्फात होती आणि पोपट तेव्हा नाईक या हुद्द्यावर होते, ऑफिसातले बाबू. ऑफिस खाली होतं, पदकाला जी उंची लागते तिच्या खाली, तंबूत स्टोव्ह पेटवून. पगार वाटायला आणि सह्या घ्यायला ते मधून मधून वर जायचे, सगळे मिळून चाळीसेक दिवस. कोणाचे किती दिवस भरले याची नोंद त्यांच्याकडे. वरून जवान फोन करायचे आणि विचारायचे, बाबू, माझे किती राहिले. एकदा भगवानचा फोन आला. पोपटने रजिस्टर बघितलं आणि सांगितलं, बारा राहिले. भगवानने मग विचारलं की पायाला जरा त्रास आहे, उतरून आलो तर चालेल का. पोपट म्हणाला, आता बारा दिवसांसाठी कशाला सोडतोस.

भगवान उतरला नाही. बारा दिवस काढले, बदलीची तुकडी यायला आणखी तीन लागले, तेही काढले आणि स्वतःच्या पायांनी खाली आला. तंबूत बूट काढला तेव्हा बोटं काळी पडली होती. तीन कापली.

तो दवाखान्यात गेला आणि त्याचे कागदही त्याच्याबरोबर गेले. त्याच आठवड्यात पदकाच्या पात्र जवानांची यादी टाइप करून वर पाठवायची होती. कागद समोर नाही म्हणून पोपटने भगवानचं नाव बाजूला ठेवलं, कागद आले की घालू. आणि मग विसरला. एवढं माणसाच्या हातून होतं. पण यादीच्या शेवटी एका ओळीची जागा उरली होती, आणि तिथे त्याने स्वतःचं नाव टाइप केलं. चाळीस दिवसांचे एकशे चौऱ्याऐंशी केले. दिवस मोजणाराही तोच, लिहिणाराही तोच. साहेबाने सही केली.

चार महिन्यांनी भगवान काठी टेकत ऑफिसात आला, यादीत माझं नाव नाही म्हणाला. पोपटच्या तेव्हा लक्षात आलं. दुरुस्तीचा कागद पाठवायला अर्धा तास लागला असता. पण दुरुस्ती पाठवली की आख्खी यादी रोजच्या हजेरीशी ताडून बघतात, आणि शेवटच्या ओळीतलं नाव उघडं पडलं असतं. पोपट रजिस्टरमध्ये बघितल्यासारखं करून म्हणाला, तुझे दोन दिवस कमी भरले. भगवान म्हणाला, मी तर मोजले होते. पोपट म्हणाला, फोनवर अंदाजाने सांगितलं होतं. भगवानने मान डोलावली. वर डोकं बधिर होतं, मीच चुकलो असेन, असं म्हणून तो गेला. कारण बाबूच्या रजिस्टरपुढे जवानाची मोजणी ती काय. आणि बोटं गेलेल्या माणसाला परत वर कोण पाठवतो, त्यामुळे ते दोन दिवस भरून काढायची वेळ कधी आलीच नाही.

सुभेदार सांगायचे थांबले. मी काय केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मी त्यांना म्हटलं, गप्प बसा. अठ्ठावीस वर्षं झाली, कोणाला माहीत नाही, भगवानभाऊ सुखात आहेत, तुम्ही इतक्यांचं भलं केलंत, शाल घ्या आणि घरी जा. मी हे का म्हटलं ते मला ठाऊक आहे. माझी चूल या माणसाच्या अकरा पत्रांवर पेटते. तो माणूस वाईट निघालेला मला परवडणार नव्हता. मी पदक काढलं नाही. पट्टी पुसून परत दिली. ते उठताना म्हणाले की एक नाव सोडलं आणि तीनशे लिहिली, तरी ते एक भरून येत नाही. मी न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी भगवानभाऊ आले. सत्काराला घालायची पॅन्ट मुलाची होती, खालून दुमडून द्यायची होती. मी म्हटलं बूट काढून उभे राहा, माप नीट येतं. त्यांनी काढला. मोजाही काढला, कारण मोज्याच्या पुढच्या टोकात कापूस भरलेला होता आणि तो सरकला होता. मी खडू घेऊन खाली वाकलेली होते. इतक्या वर्षांत तो पाय मी पहिल्यांदा बघितला. अंगठा होता, त्याच्या शेजारचं बोट होतं, आणि पुढे काही नव्हतं, नुसती गुळगुळीत कड.

तेच हसून म्हणाले की फार उशिरा दाखवला डॉक्टरला, चूक माझीच. आणि वर म्हणाले की एवढं करून दोनानेच हुकलो, आणखी दोन दिवस दम धरायला हवा होता, ते काही मनातून जात नाही.

माझ्या हातातला खडू मोडला. हा माणूस स्वतःलाच दोष देत अठ्ठावीस वर्षं काढतोय, आणि मी याला बटाटे सोलणारा म्हटलं होतं. पॅन्टची घडी मी कशी घातली मला आठवत नाही. ते गेल्यावर दुकानाचं शटर ओढलं आणि तशीच सुभेदारांच्या घरी गेले. ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून होते. मी सोनावहिनींसमोरच म्हटलं, काल तुम्ही मला कसाले सांगं, पाय काय मना गया? उठा. चप्पल घाला.

आम्ही रिक्षाने कोसाडला निघालो. अमरोलीच्या पुलावर त्यांनी एकदा माझा हात धरला, लहान मूल धरतं तसा, आणि सोडला. तीन मजले चढायला त्यांना दहा मिनिटं लागली. दर जिन्यावर थांबत होते. गुडघे होतेच, पण गुडघ्यांचंच काम नव्हतं ते.

भगवानभाऊ बनियनवर टीव्ही बघत बसले होते. सत्काराचा पाहुणा घरी आला म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला आणि आत मंदावहिनींना चहाचं सांगितलं. सुभेदार बसले नाहीत. उभ्या उभ्या, फौजेत साहेबासमोर बोलतात तसं, हात सरळ ठेवून त्यांनी सांगितलं. यादी, शेवटची ओळ, खोटं दोन दिवसांचं. काही गाळलं नाही. माझ्या मनात होतं की भगवानभाऊ ओरडतील, निदान पाण्याचा पेला तरी फेकतील. त्यांनी सुभेदारांच्या तोंडाकडे बघत एकच विचारलं.

"मंग मना कितला दिन भरनात?"

"एकशे त्र्याऐंशी," सुभेदार म्हणाले.

"परत सांग."

"एकशे त्र्याऐंशी."

मंदावहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. भगवानभाऊ त्यांच्याकडे वळले. "आयकं का, मंदा? पुरा व्हतात. एकशे त्र्याऐंशी." वहिनींना काही कळत नव्हतं, त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी फरशीकडे. मग भगवानभाऊ सुभेदारांना म्हणाले, "तू माले बारा सांगं व्हतं. बारा दिन मी बूट काढा नही." एवढं बोलून ते उठले, आतल्या खोलीत गेले, आणि आतूनच म्हणाले की जे इथे सांगितलंस ते मंडळात सांग, आणि आता जा. चहा तसाच राहिला.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात मंडप होता. सुभेदार पट्टी लावून आले, पाच पदकांची. आदल्या दिवशी मी तिसरं उसवून दिलं होतं आणि बाकीची सरकवून जागा भरून काढायला निघाले होते. त्यांनी सरकवू दिली नाहीत. जागा तशीच ठेवा म्हणाले. सव्वा इंच. लांबून बघणाऱ्यालाही दिसत होती.

अध्यक्षांनी त्यांच्या कामाची ओळख करून दिली, टाळ्या झाल्या, आणि सुभेदारांनी माइक हातात घेऊन सांगितलं. अध्यक्ष दोनदा उठून माइककडे आले. दुसऱ्यांदा कानात म्हणाले की या गोष्टी चार लोकांत बोलायच्या नसतात. सुभेदारांनी मान हलवली आणि पुढचं बोलले. पहिल्या रांगेत भगवानभाऊ बसले होते, दुमडलेल्या पॅन्टमध्ये, मांडीवर घडी केलेली शाल. सांगून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवाव्यात की काय ते कोणाला कळेना. भगवानभाऊ उठले. मला वाटलं आता शाल अंगावर टाकून माफ करतील, असं काहीतरी मोठं होईल. त्यांनी शाल खुर्चीवर ठेवली आणि सगळ्यांकडे तोंड करून म्हणाले की माझे एकशे त्र्याऐंशी होते, सगळ्यांनी ऐकलं ना. मग पाय ओढत मंडपाबाहेर गेले. जी पोरं हसायची ती उठून उभी राहिली होती. मीही उभी होते.

दुसऱ्या दिवशी भगवानभाऊंचा मला निरोप आला की अर्ज करायचा आहे, त्याला घेऊन ये. सुभेदार दोन्ही पेनं आणि कोरे कागद घेऊन निघाले. उत्साहच आला होता त्यांना. वाटेत म्हणाले, असा अर्ज लिहितो की परत यायचा नाही. वर गेल्यावर कागद मांडला, पेन उघडलं, तर भगवानभाऊ म्हणाले, "तुनं अक्षर नको."

तीनशे घरांचे अर्ज लिहिलेल्या माणसाचा हात तसाच कागदावर राहिला. मग त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. मी सातवी पास बाई, माझं अक्षर म्हणजे पसरलेले मूग. पण लिहिलं. सुभेदार उभं राहून सांगत होते आणि मी लिहीत होते, आणि दिवसांच्या आकड्याशी आल्यावर भगवानभाऊ म्हणायचे, परत म्हण. तीन वेळा म्हणायला लावलं. त्यानंतर सुभेदारांनी स्वतःचा वेगळा कागद काढला. तो त्यांनी घरी लिहून आणला होता, स्वतःच्या अक्षरात, आपण काय केलं त्याचा, आणि त्याला ते पदक जोडलं होतं. शिक्षा काय होईल ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. हुद्दा जाईल, पेन्शनीवर येईल, की नुसतं पत्र येईल, मी विचारलं तर म्हणाले, त्याचा विचार करायचा नंतर.

निघताना भगवानभाऊंनी दार धरलं आणि म्हणाले, "जितला दिन मी वर व्हतू, तितला दिन मना दारमां येऊ नको. मंग ये."

सुभेदार म्हणाले, हो. खाली उतरल्यावर विचारू लागले की ताई, आजचा दिवस धरायचा की उद्यापासून. मी म्हटलं बाबू तुम्ही. ते म्हणाले, नको, मी धरत नाही, तुम्हीच सांगा. मी म्हटलं उद्यापासून.

माझ्या दुकानातल्या कालनिर्णयावर त्यांनी मला रोज एक रेघ मारायला लावली. स्वतः मारायचे नाहीत. ओट्यावरचं टेबल त्यांनी पंधरा दिवस मांडलंच नाही. मग एक म्हातारी हयातीचा दाखला घेऊन आली आणि दारात बसूनच राहिली, तेव्हा त्यांनी मांडलं. काही लोक यायचे थांबले. एकाने तर मला विचारलं की याने केलेली माझी कामं खरी असतील ना. मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही. पण रात्री मीही माझ्या पेन्शनीचे कागद काढून बघितले होते, ते मला माहीत आहे. सगळं बरोबर होतं. बघितल्याचं मी त्यांना कधी सांगितलं नाही.

रेघा वाढत गेल्या. होळी झाली, उन्हाळा झाला, पोरांच्या शाळा उघडल्या. दिल्लीहून की कुठून, उत्तर नाही, ना भगवानभाऊंच्या अर्जाचं ना सुभेदारांच्या कागदाचं. मे महिन्यात भगवानभाऊंना दम लागून दवाखान्यात ठेवलं होतं. सुभेदार रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायचे आणि माझ्याकडून आतली खबर घ्यायचे. आत या म्हटलं तर म्हणायचे, दवाखाना घर नाही हे खरं, पण मी पळवाट काढली असं त्यांना वाटायला नको. भगवानभाऊ बरे होऊन घरी गेले. मला आत एकदा विचारलं होतं, तो फाटकावर उभा असतो का. मी हो म्हटलं.

जुलैच्या शेवटी रेघा पूर्ण झाल्या. मी दोनदा मोजल्या, एकशे त्र्याऐंशी. त्या दिवशी सुभेदारांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, वरची गुंडी लावली. पट्टी लावली नाही. सोनावहिनींनी डब्यात कळण्याच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत दिलं, भगवानभाऊंना आवडतं म्हणून. आम्ही कोसाडला पोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. तिन्ही जिने ते न थांबता चढले. घंटी वाजवायच्या आधी शर्ट खाली ओढून सरळ केला.

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. मंदावहिनी मांडत असाव्यात. दार भगवानभाऊंनीच उघडलं. अनवाणी होते. त्यांनी सुभेदारांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. मागे भिंतीवर त्यांचंही कॅलेंडर लटकत होतं आणि त्यावरही पेन्सिलीच्या रेघा होत्या, इतक्या जवळून मला दिसत होत्या. मोजायची गरज नव्हती. शेवटची रेघ आजच्या तारखेवर होती.

"दोन दिन कमी भरनात," भगवानभाऊ म्हणाले.

माझ्या तोंडाशी आलं होतं. कॅलेंडर तुमच्याच मागे आहे भाऊ, मोजा, असं मी म्हणणार होते. सुभेदारांनी मला हाताने थांबवलं. दिवस मोजण्यात आयुष्य घालवलेला माणूस तो, त्याच्या हिशेबात चूक नव्हती हे त्या दारातल्या दोघांनाही माहीत होतं. तो कॅलेंडरकडे बघायला वाकला नाही, रजिस्टर मागितलं नाही, मी मोजले होते असंही म्हणाला नाही.

"हा," सुभेदार म्हणाले. "दोन कमी."

दार लागलं. भाकरीचा डबा घेऊन आम्ही खाली उतरलो. आता उतरताना मात्र ते प्रत्येक जिन्यावर थांबले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, ताई, परवा सोनाला परत भाकरी टाकायला सांगा. दुकानात आल्यावर त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि कालनिर्णयावर पुढच्या दोन तारखांना स्वतःच्या हाताने चौकटी केल्या.